शक्यतो

सोनेगावच्या सभागृहात आदल्या रात्री कुणाचं तरी लग्न झालेलं.
भिंतीवर थर्माकोलची अक्षरं तशीच,
'चि. सौ. कां.' शाबूत, पुढचं नाव अर्धं उपटलेलं.
खुर्च्या मांडता मांडता हेडाऊ म्हणाला,
लग्न कंपन्यांचं, अन् सासुरवास आपल्याले.
तेवढंच हसलो.

मी इतिवृत्ताची वही उघडली.
हजर त्र्याऐंशी. विषय एकच, कलम सतरा:
विलीनीकरण झाल्यास कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता
शक्यतो अबाधित राखण्यात येईल.

उईकेबाई उठल्या. चेक-इनच्या खिडकीत एकवीस वर्षं,
आवाज कधी चढत नाही त्यांचा.
"शक्यतो म्हणजे काय, ते सांगा आधी.
माझा पोरगाही शक्यतो अभ्यास करतो."

मग लांजेवार, हँगरमधला,
बोलायच्या आधी हात पुसायची सवय, हात कोरडे असले तरी:
"बोल्ट नुसता पिळून भागत नाही.
त्याच्या डोक्यातून तार ओवा लागते,
उलट्या बाजूनं ओढून बांधलेली.
हादऱ्यानं तो सैल व्हायले गेला
की तार त्याले धरून ठेवते.
ह्या कलमाले तार नाही."

टाळ्या पुढच्या रांगांतून.
मागून निहाल बारापात्रे, नोकरीला चार वर्षं,
गळ्यातलं ओळखपत्र चावत:
"तार तुमच्या बोल्टाले, काका.
यादी रुजू तारखेनं लागली तर तुम्ही वर,
आमी खाली, त्यांची तीनशे माणसं मधात.
पहिले कोण जाईल? 
तीन वर्षं कपात नाही, हे लिहून घ्या.
यादीचं मग पाहू."
"मग म्हणजे कधी बे? मी रिटायर झाल्यावर?"
"दोन्ही मागू," अन्सारी खजिनदार.
"दोन्ही मागशील तर एकही मिळणार नाही."
"न मागता काय मिळालं आजवर? डायरी अन् कॅलेंडर."

चारजण एकदम बोलू लागले.
कूलर भिंतीएवढ्या आवाजात गडगडत होता.
कुणीतरी ओरडलं, बंद करा ना तो, ऐकू नाही येऊन राहिलं!
बंद केला.
मेचा तिसरा आठवडा, दुपारचे तीन.
पत्र्याखाली त्र्याऐंशी माणसं
आणि अचानक सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येत होतं.
घाम वहीवर पडला, 'अबाधित'ची शाई पसरली.
मी पुन्हा गिरवलं.

'शक्यतो' खोडायचं, यावर सगळे हात वर.
त्या जागी काय लिहायचं, यावर
एक्केचाळीस यादीसाठी, एकोणचाळीस कपातीविरुद्ध.
दोनदा मोजले.
तीन हात खाली राहिले, त्यातला एक माझा.
मी लिहीत होते, असं सांगितलं.

रात्रपाळी. दीडचं विमान त्यांचं, पाच नंबरच्या जागेवर.
चाकांना ठोकळे लावून एकजण आमच्या खोलीशी आला,
दुसऱ्या रंगाचं जॅकेट, कानामागे पेन,
छातीवर नाव: सु. नागोसे.
हेडसेटची बॅटरी गेली, म्हणाला, एखादी मिळेल?
चार्जरवरून काढता काढता विचारलं,
कधी लागलात?
दोन हजार नऊ. ऑगस्ट.
तुम्ही?

माझं नोव्हेंबर.
मी म्हटलं, त्याच सुमाराला.

नागपूरचंच? हो, जयताळ्याला राहतो.
बायको म्हणते काही खरं नाही आता.
त्यांच्याकडेही सभा झाली होती, मंगळवारी.
त्यांनीही हात मोजले होते. 
किती, ते मी विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही.

बॅटरी खिशात टाकून तो वळला.
"शक्यतो सकाळी आणून देतो."

मी हाक मारली. उसनवारीची वही पुढे केली.
नाव, वस्तू, वेळ. परत करायचा रकाना.
सकाळी सहा, मी लिहिलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग कानामागचा पेन काढून सही केली,
आणि खाली, न सांगता, फोन नंबर.